हॉस्पिसचं रीसर्टिफिकेशन: आई 'स्टेबल' आहेत म्हणे!

कुंदा_एडिसन · १८ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, आज विषय वेगळा आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सासूबाई ८४ वर्षांच्या. अल्झायमरचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला, अकरा दिवस हॉस्पिटलात काढले आणि १० नोव्हेंबरपासून घरीच हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची आराम देणारी सेवा, सुरू केलं. (सासऱ्यांनी इथे तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे मेडिकेअरची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याची, अडचण नव्हती.) आठवड्याला एकदा नर्स, तीन दिवस अंघोळ घालायला एड, तिला आम्ही मावशीच म्हणतो, वरखाली होणारा बेड, औषधं, डायपर, सगळं घरपोच. मावशी नसती तर माझी कंबर केव्हाच गेली असती.

८ मेला १८० दिवस भरतात, पुढे चालू ठेवायला रीसर्टिफिकेशन, म्हणजे डॉक्टरची नव्याने सही, लागते. काल नर्स निघता निघता म्हणाली, त्या बऱ्यापैकी स्टेबल आहेत, टीममध्ये डिस्चार्जचं बोलणं चाललंय. मी हातात पेजेची वाटी घेऊन तशीच उभी राहिले. स्टेबल? नोव्हेंबरात दोघांनी धरलं की बाथरूमपर्यंत चालायच्या. आता खुर्चीत बसवलं तर डावीकडे कलंडतात, उशी लावावी लागते.

२४ तारखेला नर्स प्रॅक्टिशनर (तपासणी करू शकणारी वरच्या दर्जाची नर्स) 'फेस-टू-फेस'साठी, म्हणजे आईंना प्रत्यक्ष बघायला, येणार आहे. सहा दिवस हातात आहेत. काय सांगायचं, काय दाखवायचं? कुणी यातून गेलंय का?

---

बटाटेवडा · १९ एप्रिल, सकाळी ७:०५

ताई, वाईट वाटलं वाचून. माझा अनुभव नाही, पण एक सांगू? जरा वाढवूनच सांगा. दोन दिवस काही खाल्लं नाही म्हणा. कोण बघायला बसलंय?

---

रातराणी · १९ एप्रिल, सकाळी ८:३०

कुंदाताई, मी मूळची सांगलीची, अकरा वर्षं टेक्सासात हॉस्पिस नर्स आहे. नाइट ड्यूटी करून आत्ताच घरी आले, टायपो माफ करा.

आधी बटाटेवडा यांना. हे सुचवू नका. खोट्या माहितीवर मेडिकेअरचे पैसे उचलणं हा गुन्हा आहे, तो भाग आहेच. पण पेशंट गिळतच नाही असं मी लिहिलं की डॉक्टर तोंडाने द्यायच्या गोळ्या बंद करतात. तुमची थाप त्या माउलीच्या अंगाशी येते. शिवाय कुंदाताईंना वाढवून सांगायची गरजच नाही. त्या आजवर कमी करून सांगत आल्या असणार, पैज लावते.

आता नियम. हॉस्पिसचे पहिले दोन कालखंड ९०-९० दिवसांचे, नंतरचे ६०-६० चे, कितीही. प्रत्येक वेळी डॉक्टरने सही करायची की आजार आपल्या वाटेने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी आहे. तिसऱ्या कालखंडापासून दर वेळी हॉस्पिसच्या डॉक्टरने किंवा नर्स प्रॅक्टिशनरने पेशंटला भेटावं लागतं, नवा कालखंड सुरू व्हायच्या आधीच्या ३० दिवसांत. हा नियम २०११ पासूनचा. सहा महिने उलटले म्हणून कुणाला काढत नाहीत. जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिसमध्ये गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये वारले. अंदाज आहे, तो चुकू शकतो.

पण डॉक्टर पेशंटला रोज बघत नाही. त्याला सहीबरोबर स्वतःच्या शब्दांत छोटं निवेदन लिहावं लागतं, त्याच पेशंटबद्दलचं. नुसत्या चौकटीत टिक करून चालत नाही. त्याला लागणारा माल येतो आम्हा नर्सेसच्या नोंदींतून. आणि आम्ही काय लिहितो? 'वेदना नाहीत. आरामात आहे. भूक चांगली. बदल नाही.' माझ्या हातून ही वाक्यं शेकडो वेळा गेलीत. एकही खोटं नव्हतं. वेदना नाहीत कारण आम्ही औषध देतो, जखमा नाहीत कारण तुम्ही दर दोन तासांनी कूस बदलता. पण पुढे ऑडिटवाला तो चार्ट उघडतो तेव्हा त्याला ठणठणीत म्हातारी दिसते आणि मेडिकेअर हॉस्पिसकडून पैसे परत मागते. म्हणून टीम आधीच हात आखडते. तुमच्या नर्सला व्हिलन समजू नका.

दुसरी गोम म्हणजे आम्ही तुलना करतो मागच्या मंगळवारशी. मागच्या मंगळवारपेक्षा या मंगळवारी खरंच काही बदललेलं नसतं. तुलना १० नोव्हेंबरशी करायची. ॲडमिशनच्या दिवशीची नोंद काढा आणि तिच्या शेजारी आज मांडा.

तुम्ही किंवा मिस्टर, ज्यांच्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी असेल, त्यांनी आजच फोन करून नर्सिंगच्या नोंदी मागा. हक्क आहे तुमचा. वाचा आणि इथे सांगा काय सापडलं. मी झोपते आता.

---

धुळेकर_ओहायो · १९ एप्रिल, दुपारी १:१५

रातराणीताईंशी शब्दशः सहमत. आमच्या बाबांना डिस्चार्ज मिळाला होता, त्याची गोष्ट सांगतो.

बाबांचं हृदय २० टक्क्यांवर आलेलं. पण माणूस कडक शिस्तीचा, एसटीत डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला. डॉक्टर येणार म्हटलं की सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि खुर्चीत ताठ. "कसे आहात?" विचारलं की "फर्स्ट क्लास!" डॉक्टरीणबाई खूश. ती गेली की बाबा शर्टासकट आडवे, आणि पुढचे दोन दिवस लघवीला उठायचंही त्राण नसायचं. ते दोन दिवस कुणाच्या नोंदीत नाहीत. तो इस्त्रीचा शर्ट तेवढा आहे.

नोटीस आली. निदान दोन दिवस आधी द्यावी लागते. त्यावर अपिलाचा नंबर असतो, सेवा संपायच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोन करायचा. केला. अपील हरलो, कारण त्यांनी चार्टच वाचला आणि चार्टमध्ये फर्स्ट क्लास माणूस होता. बेड गेला, ऑक्सिजनसाठी दुसऱ्या कंपनीच्या मागे लागलो. चार महिन्यांनी छातीत पाणी भरून इमर्जन्सी, आणि तिथून परत हॉस्पिस. परत घेतात, तशी बंदी नाही. फक्त सुरुवातीचे ९० दिवसांचे कालखंड परत मिळत नाहीत, आमचा थेट ६० दिवसांचा सुरू झाला. त्यानंतर १९ दिवसांतच बाबा गेले.

---

सदाशिव_आजोबा · १९ एप्रिल, रात्री ९:५०

पुण्यातून लिहितो आहे. वाचून चक्रावलो. आमची धाकटी बहीण वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात होती. १९८६ चं ते, देशातलं पहिलं हॉस्पिस. पैसा घेतला नाही, आणि १८० वा दिवस कोणी मोजत बसलं नव्हतं. बाई जात नाहीये याचा जाब कुटुंबाने द्यायचा, ही काय पद्धत?

---

रातराणी · २० एप्रिल, पहाटे ३:१०

आजोबा, ब्रेकमध्ये आहे म्हणून थोडक्यात. तुमचं दुःख समजतं. पण ते सदन शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठी आहे. कुंदाताईंच्या सासूबाई पुण्यात असत्या तर बहुधा ब्यूरोची बाई दिवसपाळी-रातपाळीला लावली असती आणि महिन्याचं बिल मुलाने भरलं असतं. इथे सरकार भरतं, म्हणून सरकार कागद मागतं. कॅन्सरला हा कागद सोपा जातो. डिमेन्शियाला जीव काढतो, कारण उतार फार सावकाश असतो.

---

कुंदा_एडिसन · २० एप्रिल, रात्री १०:२०

नोंदी मिळाल्या. सत्तेचाळीस पानं. मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर वाचत बसलो. तीन गोष्टी सापडल्या, तिन्हींनी हबकले.

एक. फेब्रुवारीत नेहमीची नर्स सुट्टीवर होती, बदली नर्स आली होती. तिने लिहिलंय: 'पेशंट मातृभाषेत अस्खलित बोलते.' मला आधी कळेना. मग ट्यूब पेटली. आई शिक्षिका होत्या, एकतीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. त्या पाढे म्हणतात! बे एके बे, बे दुणे चार, सुरू झाल्या की थेट तीसपर्यंत, चालीवर. मधेच सतरा चोक अडुसष्टला हात वर करतात, जणू वर्गात कुणी चुकलंय. पण "आई, पाणी हवंय?" याला उत्तर नाही. माझ्या नवऱ्याचं नाव शेवटचं घेतलं ते दिवाळीत. त्या नर्सला मराठी कुठून कळणार? तिला वाटलं म्हातारी गप्पा मारतेय.

दोन. आई वजनकाट्यावर उभ्या राहू शकत नाहीत म्हणून दंडाचा घेर मोजतात. नोव्हेंबर २४.५ सेंटिमीटर, फेब्रुवारी २३, मार्च २४.५. म्हणजे कागदावर आई मार्चमध्ये धरल्या! मी त्या दिवशी घरात होते. उजवा हात मोजला होता, तोही स्वेटरवरून.

तीन. ही सगळ्यात लागली. जवळजवळ प्रत्येक भेटीत एक ओळ आहे: 'सुनेच्या सांगण्यानुसार पेशंट ठीक.' दारात नर्स विचारते, कशा आहेत? आणि मी म्हणते, बऱ्या आहेत, फाइन. दुसरं काय म्हणणार? आल्या माणसाला दारातच रडगाणं ऐकवायचं? आणि आईंच्या उशाशी उभं राहून त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

---

डॉ_खवचट · २१ एप्रिल, सकाळी ६:४५

पाढ्यांचा मुद्दा सोन्याचा आहे, सोडू नका.

अल्झायमरसाठी 'फास्ट' नावाची पायऱ्यांची मोजणी वापरतात. सहाव्या पायरीत कपडे, अंघोळ, संडासला जाणं, मग लघवी आणि शौचावरचा ताबा एकेक करून जातो. सातवीत आधी भाषा जाते: सात-ए म्हणजे दिवसभरात कळण्याजोगे पाच-सहाच शब्द, सात-बी म्हणजे एकच, आणि तो पुन्हा पुन्हा म्हटला तरी एकच धरतात. सात-सी ला चालणं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसू, शेवटी मान सावरणं. हॉस्पिससाठी डॉक्टर सातवी पायरी बघतात, आणि जोडीला गेल्या वर्षभरातली गुंतागुंत. घास अडकून झालेला न्यूमोनिया त्यात बसतो. सप्टेंबरचा आहे, म्हणजे अजून वर्षाच्या आत. त्याचे डिस्चार्ज पेपर टेबलावर ठेवा.

त्या 'अस्खलित'मुळे तुमच्या सासूबाई कागदावर सातवीवरून सहावीत आल्या. पाठांतर मेंदूत फार उशिरापर्यंत टिकतं. ते संभाषण नव्हे. २४ ला मराठी दुभाष्या मागा. फोनवर मिळतो, तुम्हाला पैसे पडत नाहीत. मराठी असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला जोडून देतील. तुम्ही स्वतः दुभाष्या होऊ नका, सून सांगते म्हणून लिहिलं असं व्हायला नको.

आणि पायावर सूज आहे का बघा. सुजेने वजन आणि माप दोन्ही फसवतात.

---

रातराणी · २१ एप्रिल, सकाळी ९:००

मी म्हटलं होतं ना, कमी करून सांगत असणार! आपल्याकडे 'बरं आहे' हे उत्तर नसतंच, तो नमस्कार असतो. नर्स ते जसंच्या तसं टाइप करते.

दंड मोजायची रीत: डावा हात, उघडा, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे. बॉलपेनने बारीक ठिपका करून ठेवा म्हणजे पुढच्यालाही तीच जागा सापडेल. मार्चचं माप उजव्या हाताचं आणि कपड्यावरून होतं हे नर्सला सांगा. ती जुनी नोंद खोडणार नाही, खोडायचीही नसते, पण दुरुस्तीची नोंद जोडू शकते.

जेवणाचं टक्क्यांत सांगू नका. वाटी आणि घड्याळ. नोव्हेंबरात किती, किती वेळात. आता किती, किती वेळात. चोवीस तासांत जाग किती. खोकला दर जेवणाला की कधीमधी. कुठली गोष्ट शेवटची कधी केली, ती तारीख. तुमची वही चार्टचा भाग नसते, पण नर्स ती वाचून 'सुनेने सांगितलं' म्हणून उतरवून घेऊ शकते. चांगला दिवस असेल तर तोही लिहा. सगळंच वाईट लिहिलेली वही बघितली की मलाच शंका येते.

---

मंजिरी_क · २१ एप्रिल, दुपारी ४:३०

विषयाला सोडून विचारते, राग मानू नका. हे सगळं लिहिताना मनाला काय होतं? आईचं किती संपलं याची नोंद ठेवायची. मला नाही जमणार.

---

कुंदा_एडिसन · २२ एप्रिल, रात्री ११:५५

मंजिरी, नवऱ्याला नाही जमलं. म्हणाला, "आईच्या मरणाचा हिशेब मी लिहिणार नाही," आणि गराजमध्ये जाऊन बसला. दीर डोंबिवलीला असतात, रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आई स्क्रीनकडे बघून हसल्या की ते म्हणतात, छान दिसतेय की आई, वहिनी उगाच घाबरते. (हसू अगदी शेवटाकडे जातं हे मला परवा डॉक्टरसाहेबांमुळे कळलं.)

वही मीच लिहितेय. नोव्हेंबर: वरणभात एक वाटी, तूप-मिठासकट, वीस मिनिटांत, स्वतः चमचा धरून. आज: पातळ पेज अर्धी वाटी, पंचावन्न मिनिटं, मी भरवते, तीनदा ठसका. चहात घट्ट करायची पावडर घालते, त्याशिवाय गिळला जात नाही. चोवीस तासांत जाग साडेपाच तास. आजचा दिवस चांगला, मावशीचा हात धरून ठेवला दहा मिनिटं.

आज मात्र एक झालं. मी टेप शोधत होते तर नवरा आईंचा शिवणाचा डबा घेऊन आला. टेपबरोबर शिंप्याची जुनी चिठ्ठी निघाली, ब्लाउजच्या मापाची. छाती, उंची, आणि 'दंडघेर ११'. इंच. त्याने टेप लावला, मी ठिपका केला. साडेआठ इंचही भरले नाहीत, २१.५ सेंटिमीटर. मापं घेताना आईंच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. पूर्वी त्याच साबण लावून काढाव्या लागायच्या. तो काही बोलला नाही. वहीत आकडा मात्र त्याने लिहिला.

---

धुळेकर_ओहायो · २३ एप्रिल, सकाळी ७:२०

उद्यासाठी एकच. आईंना मुद्दाम नटवू नका. रोजच्या गाउनमध्येच राहू द्या. आणि भेट जेवणाच्या वेळेला येईल असं बघा.

---

कुंदा_एडिसन · २४ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

आली होती. पन्नाशीची बाई, शांत. सव्वा तास थांबली.

धुळेकरभाऊ, तुमचं ऐकून पेज तिच्यासमोरच भरवली. दहा वीसला सुरू केलं, अकरा वाजून पाच मिनिटांनी एक तृतीयांश वाटी उरली होती. तिने टॉर्च घेऊन तोंड बघितलं तर डाव्या गालात भाताचा गोळा तसाच. तो मलाही माहीत नव्हता. म्हणजे मी जे 'खाल्लं' म्हणून लिहितेय त्यातलं सगळं पोटात जात नाहीच.

दुभाष्या मिळाला, मराठीच. वीस मिनिटं लागली जोडायला, पण मिळाला. स्पीकरवर त्याने विचारलं, "आजी, नमस्कार. तुमचं नाव काय?" आई म्हणाल्या, "सहा चोक चोवीस." त्याने परत विचारलं, काही दुखतंय का. "सहा पंचे तीस." मुलगा क्षणभर गप्प झाला, मग इंग्रजीत म्हणाला की या पाढे म्हणताहेत, माझ्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत. बाईने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

दंड स्वतः मोजला, डावा, ठिपक्यावर. २१.५. वही चाळली. 'चांगला दिवस' असं लिहिलेलं पान बघून थांबली आणि मावशीबद्दल विचारलं. दारात तिने विचारलं, एकंदरीत कशा आहेत? माझ्या तोंडात फाइन आलंच होतं. गिळलं. म्हटलं, नोव्हेंबरात चालत होत्या, आता बसताही येत नाही.

निर्णय टीमच्या मीटिंगनंतर.

---

कुंदा_एडिसन · ५ मे, सकाळी १०:००

फोन आला. सही झाली, ९ मेपासून ६० दिवस. त्यांची दुसरी एक मोजणी असते, पीपीएस, ती ४० वरून ३० वर आलीय. म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेली, सगळं दुसऱ्याने करायचं. नेहमीच्या नर्सने स्वतःहून सांगितलं की मार्चच्या मापावर दुरुस्तीची नोंद जोडली.

मी नवऱ्याला फोन करून "झालं, मिळालं!" म्हणाले आणि मग दोघंही गप्प बसलो. कशाचा आनंद झाला होता ते माझं मला कळेना.

रातराणीताई, पुढची भेट कधी धरायची?

---

रातराणी · ५ मे, दुपारी २:४५

नवा कालखंड ८ जुलैला सुरू होईल, म्हणजे ८ जूनपासून पुढे कधीही. उन्हाळी सुट्ट्यांसाठी कुणी येणार-जाणार असेल तर आधीच सांगून ठेवा. दंड दर पंधरा दिवसांनी, ठिपका पुसला जातो तो ताजा करत राहा. बांगड्या काढून ठेवा आता, कोपराशी कातडी पातळ झालेली असते, जखम होते.

---

कुंदा_एडिसन · ५ मे, रात्री ९:३०

काढल्या. नवऱ्याने काढल्या, साबण लागला नाही.